सात दिवस आभाळात, सात दिवस घरात

(रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमातलं बोलणं, लिहून काढलेलं)

चुलीवर काही असेल तर आच जरा मंद करा. निवडायचं, शिवायचं काही हातात असेल तर ते चालू राहू द्या. कान मात्र इकडे असू द्या.

आजचा विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. आज बोलायचं आहे विमान चालवणाऱ्यांच्या सुट्टीबद्दल. अमेरिकेत असे पुष्कळ वैमानिक आहेत, ज्यांना सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी असते. आठवडाभर ड्युटी, मग आठवडाभर घर. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर सव्वीस कामाचे आणि सव्वीस मोकळे. पगार मात्र बारा महिने. पहिल्यांदा ऐकलं की कुणीही म्हणेल, "मजा आहे बाई यांची!"

ती मजा खरी किती आणि खोटी किती, ते आज मोजू. आपण गटात पैशाचा हिशेब मांडतो ना, तसा त्यांच्या सात दिवसांचा हिशेब मांडायचा. सुट्टी वेगळी आणि विश्रांती वेगळी, हे त्या लोकांना फार महागात पडून कळलं. आपल्यालाही त्यातून काही उचलण्यासारखं आहे.

कुणाची असते अशी पाळी?

प्रवासी घेऊन जाणाऱ्या मोठ्या विमानांच्या वैमानिकांना बहुधा अशी सरळ आठवड्याची पाळी नसते. त्यांचे कामाचे दिवस महिनाभर विखुरलेले असतात. आठवड्याची पाळी मुख्यतः तीन-चार प्रकारच्या कामांत दिसते.

पहिलं काम मालवाहू विमानांचं. अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स या पार्सल पोचवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. यूपीएसचं मुख्य ठाणं केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावी, फेडेक्सचं टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला. रात्र झाली की देशभरातून विमानं पार्सलं घेऊन तिथे उतरतात. मध्यरात्री पार्सलं गावागावांप्रमाणे वेगळी केली जातात आणि पहाटेच्या आत विमानं पुन्हा उडतात. सकाळी लोकांच्या दारात पार्सल येतं, कारण रात्रभर कुणीतरी जागलेलं असतं. पार्सलांची निवड चालू असते तेव्हा वैमानिक तिथल्याच झोपायच्या खोल्यांत तास-दोन तास पडतात. मग गजर वाजतो आणि पुन्हा विमानात. असे एकामागून एक सात दिवस, नंतर सात दिवस सुट्टी, हे वेळापत्रक तिथे बऱ्याच जणांचं असतं.

दुसरं काम हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेचं. आपल्याकडे १०८ नंबरची गाडी येते, तसं तिथे लांबच्या खेड्यात किंवा मोठ्या रस्त्यावर अपघात झाला की हेलिकॉप्टर येतं. त्यात बहुतेक वेळा एक वैमानिक, एक नर्स आणि तातडीचे उपचार करणारा एक प्रशिक्षित मदतनीस असतो. बारा बारा तासांची पाळी असते. अनेक ठाण्यांवर सात दिवस दिवसपाळी, मग सात दिवस सुट्टी, मग सात रात्री रात्रपाळी, पुन्हा सात दिवस सुट्टी, असं चक्र चालतं. फोन आला की काही मिनिटांत उडायचं. फोन आलाच नाही तर बारा तास वाट बघायची. आणि वाट बघणंही थकवतं, हे दवाखान्याबाहेर बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

तिसरं काम छोट्या खाजगी विमानांचं. नेटजेट्ससारख्या कंपन्यांची विमानं श्रीमंत लोक वाटून वापरतात. त्यांच्या वैमानिकाची सात दिवसांत कामाची जागाच ठरलेली नसते. आज एका गावी, उद्या दुसऱ्या टोकाला. रोज नवं हॉटेल, नवी उशी. घरी जायचं ते सात दिवस संपल्यावरच.

चौथं काम समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरचं. मेक्सिकोच्या आखातात असं काम चालतं. तिथे सात-सात किंवा चौदा-चौदा दिवसांची पाळी असते. चौदा-चौदाची पाळी आपल्याला अगदी परकी नाही. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे, तिथे १९७४ मध्ये तेल सापडलं. त्या फलाटांवर काम करणारे ओएनजीसीचे कर्मचारी चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, अशा पाळीत काम करतात. त्यांना ने-आण करणारी हेलिकॉप्टरं मुंबईत जुहूहून उडतात. ज्यांच्या घरातलं कुणी रिगवर किंवा बोटीवर असेल, त्यांना पुढचं बोलणं ओळखीचं वाटेल.

सात दिवसांचा हिशेब

आता पार्सलचं विमान चालवणारा एक वैमानिक डोळ्यांसमोर आणा. त्याची सातवी रात्र संपली. सकाळ झाली. सुट्टी सुरू झाली.

पहिला खर्च प्रवासाचा. अमेरिकेत वैमानिकाचं ठाणं एका शहरात आणि घर भलत्याच राज्यात असणं नेहमीचं आहे. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, अशा कारणांनी कुटुंब एका जागी राहतं आणि हा विमानानं कामावर ये-जा करतो. वैमानिकांना दुसऱ्या विमानात जागा मोकळी असेल तर फुकट बसता येतं. नसेल तर पुढच्या विमानाची वाट बघायची. एसटीत जागा मिळेल म्हणून स्टँडवर ताटकळावं, तसंच. रात्रभर विमान चालवलेला माणूस अशा रीतीनं घरी पोचेपर्यंत दुपार, कधी संध्याकाळ होते.

दुसरा खर्च झोपेचा. घरी आल्यावर पहिला दिवस जवळपास झोपेतच जातो. आणि ती झोपही धड लागत नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते उजेडावर चालतं. उजेड पडला की ते म्हणतं जागा हो, अंधार पडला की म्हणतं नीज. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात मंद असतं. हात सावकाश चालतो, डोळ्यांपुढचं उशिरा कळतं, साधी चूक लक्षात येत नाही. नेमक्या त्या वेळात हा वैमानिक विमान उतरवत असतो. मग सकाळी अंथरुणावर पडलं तर शरीर म्हणतं, आता उजाडलंय. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी आणि उथळ असते. सात दिवस अशी तोकडी झोप झाली की उधारी साचते. ती एका रात्रीत फिटत नाही.

शिवाय सुट्टीत त्याला दिवसा जागायचं असतं. मुलं शाळेतून येणार, त्यांच्याशी खेळायचं, बायकोबरोबर जेवायचं. म्हणजे शरीराचं घड्याळ उलटं फिरवायचं. ते भिंतीवरच्या घड्याळासारखं काटा धरून फिरत नाही, हळूहळू सरकतं. दुसऱ्या दिवशीही माणूस घरात असतो, पण चिडलेला, सुस्त, अर्धा झोपेत.

तिसरा खर्च नोकरीनंच मागितलेला. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या विमानकंपनीच्या कॅप्टनला दर सहा महिन्यांनी डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते. त्यात नापास झाला तर विमान चालवणं बंद. त्यामुळे सुट्टीत व्यायाम, पथ्य, रक्तदाबाकडे लक्ष, हे सगळं आलं. ठरावीक काळानं सिम्युलेटरमध्ये परीक्षा असते. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच ठेवलेलं, आतून हुबेहूब विमानासारखं यंत्र. त्यात इंजिन बंद पडलं, आग लागली, असे प्रसंग उभे करून वैमानिकाला तपासतात. त्याचा अभ्यास घरीच करावा लागतो.

चौथा खर्च परत जायच्या तयारीचा. सहाव्या दिवशी बॅग भरायची, कपडे धुवायचे. सातव्या दिवशी ठाण्याकडे निघायचं, कारण आयत्या वेळी विमानात जागा मिळाली नाही तर कामावर गैरहजेरी. ठाण्याजवळ अनेक वैमानिक मिळून एखादं घर भाड्यानं घेतात. तिथे खोलीत ओळीनं कॉट टाकलेल्या असतात. काम सुरू व्हायच्या आधीची झोप तिथे काढायची. दारूचंही तसंच. अमेरिकेत उड्डाणाआधीचे आठ तास दारू चालत नाही, आपल्याकडे बारा तास.

आता बेरीज-वजाबाकी करा. सातातून पहिला गेला, दुसरा अर्धा गेला, शेवटचा गेला, सहाव्याचा तुकडा गेला. हातात खरे मोकळे दिवस उरले चार. म्हणजे सुट्टी खोटी नाही. पंधरवड्यातून चार दिवस सलग घरी राहणं ही मोठीच गोष्ट आहे. पण सात दिवस ते सातच, हे काही खरं नाही.

उरलेल्या चार दिवसांत काय करतात?

माणसं तितके प्रकार. काही जण घराची डागडुजी करतात. तिकडे सुतार-गवंडी महाग, त्यामुळे छप्पर दुरुस्तीपासून रंगकामापर्यंत बरंच काम घरचा माणूस करतो. काही जण शेती करतात, काही छोटा धंदा चालवतात, काही नव्या मुलांना विमान चालवायला शिकवतात. बरेच वैमानिक सैन्याच्या राखीव दलात असतात. त्यांचे सुट्टीतले काही दिवस तिकडच्या ड्युटीत जातात. आणि काही जण असे की आठवडाभर विमान चालवून आले तरी सुट्टीत स्वतःचं छोटं दोन माणसांचं विमान घेऊन पुन्हा आभाळात. आपल्याकडचा एखादा ट्रॅक्टरवाला रविवारीही ट्रॅक्टरच पुसत बसतो, तशातला प्रकार.

जोडधंद्यात एक धोका असतो. रिकामे दिवस दिसले की पैसा दिसतो, आणि पैसा दिसला की विश्रांतीचे दिवस विकले जातात. म्हणून कायदा तिथे काही लगाम घालतो. तिकडेही आणि आपल्याकडेही विमानकंपनीच्या वैमानिकाला वर्षाला जास्तीत जास्त १००० तास उड्डाण करता येतं. हे तास कमी वाटतील, पण ते फक्त विमान चालवण्याचे आहेत. तयारी, वाट बघणं, कागदपत्रं, गावोगावचे मुक्काम हे वेगळं.

विश्रांती कायद्यात कशी आली?

हे नियम कुणी मायेनं केलेले नाहीत. त्यामागे अपघात आहेत, आणि अपघातात गेलेल्यांच्या घरच्यांची चिकाटी आहे.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअर या कंपनीचं प्रवासी विमान एका घरावर कोसळलं. विमानातली ४९ आणि घरातला एक, अशी ५० माणसं गेली. विमानाचा वेग कमी होतोय हे वैमानिकांच्या वेळेवर ध्यानात आलं नाही आणि इशारा मिळाल्यावर उलटीच कृती झाली, असं तपासात निघालं. चौकशी करणाऱ्यांनी वैमानिकांच्या झोपेचाही शोध घेतला. सहवैमानिक रात्रभर एका विमानातून दुसऱ्या विमानात बसत, देशाच्या दुसऱ्या टोकाकडून ड्युटीवर आली होती. कॅप्टननं आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. अंथरुणावर नीट झोप दोघांनाही मिळाली नव्हती. थकव्यानं त्यांच्या कामावर बहुधा परिणाम झाला, असं चौकशी मंडळानं लिहिलं.

मेलेल्यांची कुटुंबं गप्प बसली नाहीत. आई, बाप, बहिणी, नवरे, बायका पुन्हा पुन्हा राजधानी वॉशिंग्टनला गेले, खासदारांना भेटले. २०१० मध्ये कायदा झाला आणि ४ जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. ड्युटीआधी दहा तास विश्रांती, आणि त्यात सलग आठ तास झोपता येईल एवढी सवड. शिवाय कुठल्याही सात दिवसांत सलग तीस तास पूर्ण मोकळे. रात्री काम असेल तर कामाचे तास कमी.

पण नियमात एक भोक राहिलं. मालवाहू विमानांना त्यातून वगळलं. खर्च फार वाढेल, असं कारण दिलं गेलं. वैमानिकांची संघटना म्हणत होती, माणसं नेणारा असो की पार्सलं, झोप सगळ्यांना सारखीच लागते. ते ऐकलं गेलं नाही.

नवे नियम लागू व्हायच्या आधीच, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, यूपीएसचं एक मालवाहू विमान लुइव्हिलहून निघून अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. आत दोघंच होते, कॅप्टन आणि सहवैमानिक. दोघंही गेले. तेव्हा पाच वाजायला आले होते, म्हणजे शरीराच्या सगळ्यात मंद वेळेतच. विमान ठरल्या पद्धतीनं खाली येत नव्हतं, तरी ते उतरवणं चालू ठेवलं, हे अपघाताचं मुख्य कारण ठरलं. पण थकवाही कारणांच्या यादीत होता. कॉकपिटमध्ये बोलणं मुद्रित होत असतं. त्यात असं सापडलं की दोघं उड्डाणाआधी आपल्या थकव्याबद्दल आणि मालवाहू वैमानिकांना नियमातून वगळल्याबद्दलच बोलत होते.

या चौकशीत एक वाक्य असं आलं की ते आजच्या विषयाला थेट भिडतं. सहवैमानिकाला झोपेसाठी मोकळा वेळ मिळाला होता, पण तो नीट वापरला न गेल्यामुळे झोप अपुरी राहिली, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे वेळ देणं एवढ्यानं भागत नाही. मिळालेला वेळ खरोखर विश्रांतीत जायला हवा. त्याच वेळी ज्या मार्गावर रोज पहाटेच विमान उतरवायचं असतं, तिथे सगळा दोष माणसाच्या झोपेवर टाकून कंपनीला मोकळं होता येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गटात चर्चा कराल तेव्हा दोन्ही धरा.

घरी राहिलेलीचा आठवडा

आतापर्यंत आपण वैमानिकाकडून बघितलं. आता त्याच्या घरात जाऊ.

तो सात दिवस नाही. त्या सात दिवसांत मुलाला ताप आला, पाण्याचा नळ फुटला, शाळेत पालकांना बोलावलं, हे सगळं घरी असलेल्या बाईनं एकटीनं निभावलं. तिची एक घडी बसली. कोणी कधी जेवायचं, कोणी कधी झोपायचं, टीव्ही किती वेळ, सगळं ठरलेलं. आठव्या दिवशी हा येतो. पहिला दिवस झोपतो, घरात सगळ्यांनी हळू बोलायचं. तिसऱ्या दिवशी ताजातवाना होतो आणि म्हणतो, हे असं का? मुलं इतक्या लवकर का झोपतात? हा डबा इथे का? मुलं हुशार असतात. आईनं नाही म्हटलं की बाबाला विचारतात. कशीबशी दोघांची घडी जमते, तोवर सातवा दिवस उजाडतो आणि तो निघतो. दर पंधरवड्याला हेच.

आपल्याकडे ज्यांचे नवरे सैन्यात, बोटीवर, ट्रकवर किंवा मुंबईला आहेत, त्यांना हे सांगायला नको. तो येतो तेव्हा घरात पाहुणाही असतो आणि मालकही. ज्या घरांत हे बरं चालतं, तिथे काही साध्या गोष्टी दिसतात. येणाऱ्यानं पहिले एक-दोन दिवस घराची चालू घडी मोडायची नाही. पैशाचे आणि मुलांचे मोठे निर्णय तो ताजा असताना, मधल्या दिवसांत घ्यायचे, निघायच्या आदल्या रात्री नाही. आणि मधल्या दिवसांतला एक दिवस तिचा. त्या दिवशी घर तो बघणार. कारण त्याची सुट्टी सुरू झाली म्हणून तिची सुरू होत नाही. उलट घरात एक माणूस वाढतो, एक ताट वाढतं.

मग वैमानिक बाई असेल तर? तिची सुट्टी कशी जाते? सात दिवसांनी घरी आली की घर तिची वाट बघत असतं. साचलेलं धुणं, राहिलेली बिलं, मुलांचं राहिलेलं. पुरुष घरी आला की घर म्हणतं, दमून आलाय, झोपू दे. बाई घरी आली की घर म्हणतं, बरं झालं आलीस. अमेरिकेत आर्ली हॉकशील्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि नोकरीवरून आल्यानंतरच्या या घरकामाला 'दुसरी पाळी' म्हटलं. आपल्याला ते नाव नवं असेल, पाळी जुनीच आहे.

आपल्या देशात काय?

हा प्रश्न आपल्याकडे जास्त मोलाचा आहे, कारण भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे. जगाच्या सरासरीच्या ते कितीतरी वर आहे. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये साडी नेसून विमान चालवलं. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. १९८५ मध्ये कोलकात्याहून सिलचरला गेलेलं एक विमान सगळ्या बायकांनीच चालवलं, तेव्हा कॅप्टन होत्या आपल्या सौदामिनी देशमुख.

आपल्याकडच्या प्रवासी विमानांत सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी अशी पद्धत सहसा नाही. विश्रांतीचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करतं. आधी वैमानिकाला आठवड्यातून सलग ३६ तास विश्रांती होती. २०२४ च्या जानेवारीत नवे नियम जाहीर झाले. त्यात ती ४८ तास केली, तीही दोन पूर्ण रात्री धरून. रात्रीच्या पाळीत विमान उतरवण्याची संख्या सहावरून दोनवर आणली. कंपन्यांनी वेळ मागितला, वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि शेवटी २०२५ मध्ये दोन टप्प्यांत नियम लागू झाले. दुसरा टप्पा नोव्हेंबरात आला. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि लोक विमानतळांवर अडकले, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. नव्या नियमांना पुरतील एवढ्या वैमानिकांची तजवीज झालेली नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. गोंधळ आवरण्यासाठी कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली.

म्हणजे विश्रांती कागदावर लिहिली तरी ती फुकट येत नाही. एकाला झोपायला द्यायचं तर त्याच्या जागी दुसरं माणूस लागतं. ते माणूस आधी नेमून ठेवावं लागतं. हे विमानकंपनीला लागू आहे आणि आपल्या घरालाही.

आपला हिशेब

२०१९ मध्ये भारत सरकारनं देशभर वेळेची पाहणी केली होती. कोण दिवसाचे किती तास कशात घालवतं, याची. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं, म्हणजे पाच तास. पुरुषांची मिनिटं निघाली ९७. शेतावरची मजुरी, दूध, शिवणकाम, गटाचा व्यवसाय हे वेगळं. बाईच्या या पाच तासांना रविवार नाही.

वैमानिकाची झोप कायद्यानं मोजली, कारण तो दमला तर शंभर माणसं जातात. बाई दमली तर एकदम कुणी जात नाही. हळूहळू तीच झिजते. रक्त कमी होतं, कंबर धरते, विळ्यानं बोट कापतं, तव्यावर हात भाजतो, आणि आपण म्हणतो, लक्ष नव्हतं. लक्ष कुठे गेलं होतं, ते कुणी विचारत नाही.

आपल्यापैकी काहीजणी रात्रपाळी करतात. कुणी दवाखान्यात नर्स आहे, कुणी कारखान्यात जाते, आशाताईंना बाळंतपणाच्या वेळी रात्री-अपरात्री निघावं लागतं. नवरा रात्रपाळी करून आला की आपण दार ओढून घेतो, पोरांना अंगणात पिटाळतो, फोन बंद करतो. तीच बाई रात्रपाळी करून आली की तिच्यासाठी दार कोण ओढतं? वैमानिकांना शिकवलेल्या गोष्टी तिलाही उपयोगी आहेत. खोलीत अंधार करा, खिडकीला जाड गोधडी लावली तरी चालते. घरी येताच आधी झोप, मग काम. पाळी संपत आल्यावर चहा नको. रात्रभर जागून लगेच गाडी चालवायची नाही, विळा-कोयता हाती घ्यायचा नाही. आणि घरातल्या एकानं आधीच ठरवून तिच्या झोपेच्या वेळेचा कारभार घ्यायचा. ठरवलेलं नसेल तर कुणी घेत नाही.

पुढच्या बैठकीत बचतीची रक्कम लिहून झाली की वहीच्या मागच्या पानावर हे चार प्रश्न लिहा आणि प्रत्येकीनं खरं उत्तर द्या.

मागच्या आठवड्यात सलग सहा तास झोप किती रात्री मिळाली?

कुणी न उठवता, काही काम न सोपवता, दिवसा एक तास पडायला मिळालं का?

आपण आजारी पडलो तर चूल, गोठा, मुलं कोण बघेल? त्या माणसाला हे सांगून ठेवलंय का?

आपल्या घरात कुणाची विश्रांती मोजली जाते आणि कुणाची नाही?

उत्तरांवरून भांडण काढायचं नाही. आधी नुसतं लिहून ठेवायचं. तीन-चार महिने लिहिलं की वही आपोआप बोलायला लागते. गटाचं कर्ज आपण असंच लिहून फेडलं, झोपेच्या उधारीचीही सुरुवात तिथूनच करू. आणि ज्या घरात पुरुषमाणूस आठवड्या-पंधरवड्यानं परततो, त्या घरात एवढं तरी ठरवा, की त्याच्या सुट्टीतला एक दिवस तिचा असेल. कुठला, ते त्यानं येण्याआधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.